गाठ गेली, मग हे असे का वागतात?

ताई, नमस्कार.

आम्ही भांडुपला चाळीत राहतो. माझे मिस्टर पाणी खात्यात चावीवाले आहेत, वय ४४. मागच्या वर्षी पहाटेची पाळी करून आले आणि मोरीत हात धुताना त्यांना फिट आली. एमआरआयमध्ये उजव्या बाजूला, कपाळाच्या मागे गाठ निघाली. ऑपरेशन झालं. रिपोर्टवर ‘ग्रेड २ ग्लायोमा’ असं लिहिलंय. मग रेडिएशनचे तीस शेक झाले, ते संपून आता पाच महिने होतील. परवाचा एमआरआय बघून डॉक्टर म्हणाले, छान आहे, चार महिन्यांनी या. हा भाग हातापायांचा नाही, बोलण्याचाही नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं.

पण माणूस बदललाय. कोणत्या गल्लीतला व्हॉल्व्ह किती आटे फिरवायचा, हे झोपेतून उठवलं तरी सांगतील. आणि गॅसवर दूध ठेवून समोर उभे असतात तेव्हा दूध उतू जातं. तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एक आणतात. सांगितल्याशिवाय आंघोळीला उठत नाहीत. घरात चार माणसं बोलायला लागली की गॅलरीत जाऊन उभे राहतात. पंधरा वर्षं भजनी मंडळात टाळ धरला, आता म्हणतात गोंधळ होतो. आणि राग! मुलगी दहावीत आहे. तिच्या हातून कंपासपेटी पडली म्हणून ताट भिरकावलं. माझी आई वारल्याचा फोन आला तेव्हा ‘बरं’ म्हणाले आणि टीव्ही बघत बसले.

दीर म्हणतात, बसून खायची सवय लागली. सासूबाई म्हणतात, डोक्याला हात लावू द्यायलाच नको होता. फॉर्मवर सही माझी आहे. यांना विचारलं तर ‘मला काय झालंय?’ कामावर असताना हे स्वतःच सांगायचे, तक्रार येते एका बिल्डिंगची आणि बिघाड असतो तीन गल्ल्या सोडून. आता यांचा बिघाड कुठे शोधू? हे मुद्दाम करतात का? गाठ परत आली का? की मी सही करून चूक केली?

— एक वाचक, भांडुप

ताई,

आधी तुमच्या आईबद्दल. आई गेल्याचा फोन आला आणि ज्या माणसाजवळ मोकळं रडायचं तो ‘बरं’ म्हणून टीव्हीकडे वळला. तुम्ही हे एका ओळीत लिहून पुढे गेलात. मी त्या ओळीवर बराच वेळ थांबले. दूध, बाजार, आंघोळ हे सगळं सोसता येतं; सोसवत नाही ते हे, की या माणसाला माझं काही वाटेनासं झालं का.

त्या ‘बरं’चा तसा अर्थ काढू नका. मेंदूविकारांच्या विभागात मी मानसशास्त्रज्ञ म्हणून सव्वीस वर्षं काम केलं. हा प्रसंग थोड्या फरकाने कितीतरी बायकांनी, नवऱ्यांनी, मुलांनी मला सांगितलाय, आणि सांगताना बहुतेकांचा आवाज तिथेच अडकलाय. आतून काही वाटणं, ते वाटलेलं चेहऱ्यावर आणि शब्दांत येणं, आणि समोरच्याचा चेहरा बघून ‘आता हिला माझी गरज आहे’ हे उमगणं, ही तीन वेगवेगळी कामं आहेत. उजव्या बाजूच्या पुढच्या भागाच्या जोडण्या बिघडल्या की दुसरं आणि तिसरं काम अडू शकतं. तेव्हा पुढच्या वेळी वाट बघू नका. सरळ सांगा, ‘मला रडू येतंय, माझ्याजवळ बसा.’ सांगून मिळालेला आधार खोटा नसतो.

तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं आधी देते, कारणं मग. मुद्दाम करत नाहीत. सही करून तुम्ही चूक केली नाही. गाठीबद्दल विचाराल तर एमआरआय आत्ता चांगला आहे, त्यावर विश्वास ठेवा. पण ग्रेड २ ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या आधार देणाऱ्या पेशींची मंद वाढणारी गाठ, मुळासकट निघाला असं कोणताच सर्जन छातीठोकपणे सांगत नाही, म्हणून पुढची एकही तपासणी चुकवायची नाही. आणि एमआरआय चांगला येणं वेगळं, विचार करण्याची ताकद पूर्वीसारखी असणं वेगळं. पहिली गोष्ट डॉक्टरांनी बघितली. दुसरी अजून कोणी तपासलेलीच नाही.

‘तक्रार एका बिल्डिंगची आणि बिघाड तीन गल्ल्या सोडून’ हे तुमच्या मिस्टरांचं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय. मेंदूच्या गाठीबद्दल इतकं नेमकं मला क्वचितच कोणी सांगितलं असेल. मुंबईला सात तलावांमधून रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मिळतं, त्यातला मोठा वाटा तुमच्या भांडुपच्याच केंद्रात शुद्ध होतो आणि मग टाक्या, जलवाहिन्या, व्हॉल्व्ह असं करत ठरलेल्या वेळी एकेका वस्तीत पोचतो. एखाद्या चेंबरमधला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला तर चेंबरच्या शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. बोंब होते ती टोकाच्या चाळीत. तिथला नळ काढून बघा, नळ ठणठणीत असतो.

मेंदूचं तसंच आहे. बाहेरची करडी साल ही पेशींची वस्ती, आणि आतला पांढरा भाग म्हणजे एका वस्तीला दुसरीशी जोडणाऱ्या तंतूंचे जाड जुडगे. काही पुढून मागे जातात, काही डावीकडून उजवीकडे. ग्लायोमाची खोड अशी की तो गोटीसारखा एका जागी बसत नाही. त्याच्या पेशी या पांढऱ्या तंतूंच्या कडेकडेने सरकत जातात. स्कॅनवर दिसणारी गाठीची कड ही तिची खरी कड नसते. म्हणजे गाठ कपाळामागे असली तरी तिने अडवलेल्या वाटा पार मागच्या भागापर्यंत जाणाऱ्या असू शकतात.

‘हा भाग बोलण्याचा, हा हाताचा’ ही भाषा खोटी नाही, पण ती अर्धीच गोष्ट सांगते. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या सर्जनने लेबोर्न नावाच्या रुग्णाचा मेंदू मृत्यूनंतर तपासला. त्या माणसाला ‘टॅन’ या एका शब्दापलीकडे जवळजवळ काही बोलता येत नसे. डाव्या पुढच्या भागात इजा दिसली आणि ‘बोलण्याची जागा सापडली’ म्हणून तो भाग जगभर ब्रोकाच्या नावाने शिकवला गेला. तो मेंदू पॅरिसमध्ये जपून ठेवलेला होता. २००७ साली संशोधकांनी त्याचा एमआरआय प्रसिद्ध केला, तेव्हा दिसलं की इजा वरवरची नव्हतीच. ती खोल आत, पुढच्या भागाला मागच्याशी जोडणाऱ्या मोठ्या जुडग्यापर्यंत गेली होती. ज्या मेंदूवरून आपण जागा शिकलो, त्यातही वाट तुटलेली होती. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला फार हलल्यासारखं झालं होतं, कारण तोपर्यंत मीही लोकांना जागाच सांगत आले होते.

लांबवरच्या परिणामालाही जुनं नाव आहे. कॉन्स्टंटिन फॉन मोनाकॉव्ह यांनी १९१४ मध्ये मांडलं की एका ठिकाणी इजा झाली की तिच्याशी जोडलेला, स्वतः धडधाकट असलेला दूरचा भागही मंदावतो. तुमच्या टोकाच्या चाळीतला नळ तो हाच. पुढे मेंदूतलं चुंबकीय क्षेत्र टिपणारी यंत्रं आली, आणि आम्सटरडॅमच्या संशोधकांनी मेंदूची गाठ असलेल्या रुग्णांवर त्यांचा वापर केला. गाठीपासून दूरच्या, अगदी दुसऱ्या बाजूच्या भागांमधलाही ताळमेळ बदललेला दिसला, आणि हा बदल रुग्णांच्या विचारशक्तीशी निगडित असल्याचं आढळलं.

ताळमेळ म्हटलं आणि तुमचं भजन आठवलं. पाण्याची उपमा इथे कमी पडते, कारण पाणी एका दिशेने वाहतं आणि मेंदूत ये-जा दोन्हीकडून चालते. शिवाय तिथे वेळेला महत्त्व आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत शिकणाऱ्या भारत बिस्वाल यांनी दाखवलं की माणूस काहीही न करता नुसता पडून असला तरी उजवा आणि डावा हात हलवणारे मेंदूचे भाग एकाच लयीत वरखाली होत असतात. टाळकरी ठेका न चुकता एकमेकांकडे न बघताही बरोबर राहतात, तसे. पुढे अशी लयीत चालणारी बरीच जाळी सापडली. एक बाहेरच्या कामावर लक्ष ठेवून क्रम लावणारं, एक मोकळ्या वेळी स्वतःच्या विचारांत रमणारं, आणि एक या दोघांत ‘आता तू, आता तू’ असं ठरवणारं. निरोगी माणसात ही अदलाबदल सहज होते.

आता दुधाकडे बघा. दूध तापत ठेवलंय हे त्यांना माहीत आहे. उतू गेलं तर काय होईल हेही माहीत आहे. पण मन जरा आत वळलं की ते वेळेवर बाहेर यायला हवं, आणि ती कळ फिरत नाही. तीन वस्तूंचं तेच. साखर, कांदे, साबण हे तीन शब्द त्यांना पाठ असतात. वाटेत रिक्षा, ओळखीचा माणूस, दुकानातली गर्दी यांतून ते शब्द हातात धरून ठेवणं हे वेगळं काम आहे, त्याला मेंदूचे लांबलांबचे भाग एकत्र लागतात. व्हॉल्व्हचे आटे मात्र वर्षानुवर्षं रोज फिरवून इतके पक्के झालेत की त्यांना तो ताळमेळ फारसा लागत नाही. म्हणूनच दीरांना वाटतं, एवढं आठवतं तर साबण कसा विसरतो. त्यांना सांगा की पाठ असलेलं आणि जुळवून करायचं ही दोन खाती आहेत.

आंघोळीला न उठणं हा आळस नव्हे. काम कळणं आणि काम सुरू होणं यांच्यामध्ये एक ठिणगी लागते. ती कपाळामागचा भाग आणि मेंदूच्या आतल्या गाभ्यातले भाग मिळून देतात. ती दुबळी झाली की माणूस नाही म्हणत नाही, फक्त सुरू होत नाही. तुम्ही ‘चला’ म्हटल्यावर ते उठतात ना? आळशी माणूस ‘चला’ म्हटल्यावर कारणं सांगतो.

आणि चार माणसं बोलायला लागली की गॅलरीत जाणं, ही तर त्यांची शहाणी युक्ती आहे. तिचा राग धरू नका.

तुमच्या सहीबद्दल. गाठीची ही जात मंद वाढते, उपचाराआधी व्यासात वर्षाला सरासरी चार मिलिमीटर. म्हणजे फिट आली त्या पहाटे गाठ जन्मली नव्हती; ती आधी काही वर्षं आत होती. इतक्या संथ वाढीत मेंदू हळूहळू आडवाटा शोधतो, शेजारच्या भागांवर काम सोपवतो. म्हणून बाहेर फारसं दिसत नाही. पण आडवाटेला वेळ लागतो, दमणूक होते. विचारशक्तीची चाचणी उपचारांआधीच केली तर ग्लायोमाच्या बऱ्याच रुग्णांत थोडीफार घट सापडते, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. जरा मागे आठवून बघा. फिटच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत कधी बिलाची तारीख चुकली, बोलता बोलता धागा सुटला, पूर्वी हसून सोडलं असतं त्यावर चिडले, असं काही? तेव्हा तुम्ही ते पाळीच्या कामाच्या नावावर घातलं असेल. सगळ्याच बायका घालतात. सासूबाईंना जे ऑपरेशननंतर सुरू झालंसं वाटतं, त्यातलं काही आधीपासूनचं असणार. ऑपरेशन आणि शेकाने त्यात भर पडली नसेल असं मी म्हणणार नाही, पडते. पण सही केली नसती तर गाठ त्याच वाटांवरून सरकत राहिली असती, आणि तुम्ही आज मला वेगळंच पत्र लिहिलं असतं.

शेक संपल्यावरच्या काही महिन्यांत गळून गेल्यासारखं वाटणं, झोप जास्त येणं हे पुष्कळांना होतं आणि त्यातलं बरंचसं हळूहळू ओसरतं. किती ओसरेल हे आजच सांगता येणार नाही.

तुमची लेक इंटरनेटवर शोधेल, दहावीच्या मुली शोधतातच. तिला २०१९ मधलं संशोधन सापडेल: स्टॅनफर्ड आणि हायडेलबर्गच्या गटांनी दाखवलं की ग्लायोमाच्या पेशी मेंदूतल्या संदेश वाहणाऱ्या पेशींशी प्रत्यक्ष जोडण्या करतात आणि त्यांच्या विद्युत संदेशांवर वाढतात. ते काम मुख्यतः जलद वाढणाऱ्या गाठींवरचं आहे. बाबांच्या रिपोर्टला ते जसंच्या तसं लावून तिने रात्र जागवू नये, हे तिला तुम्हीच सांगा.

आता कामाचं. जाळ्याचा दोष गृहीत धरण्याआधी ज्या गोष्टी दुरुस्त होऊ शकतात त्या बघायच्या.

सगळ्यात आधी फिटची गोळी. गोळ्यांच्या पाकिटावर लेव्हेटिरासिटॅम असं नाव आहे का बघा. फिट थांबवायला ही गोळी चांगली आहे, पण चिडचिड आणि भडका हा तिचा ओळखीचा दुष्परिणाम आहे. ताट भिरकावण्याचे प्रसंग ही गोळी सुरू झाल्यावर, किंवा तिचा डोस वाढवल्यावर सुरू झाले का, हे तारखांसकट आठवून लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. डोस किंवा गोळी बदलता येते. स्वतःच्या मनाने मात्र एक गोळीही बंद करायची नाही, अचानक बंद केली तर जोरात फिट येऊ शकते. सुजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तर तेही सांगा. त्यानेही झोप उडते, माणूस भडकतो.

दुसरं पुन्हा दुधाचंच. उभे असतात आणि दूध उतू जातं, असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळी ते कसे दिसतात? नजर एका जागी खिळलेली, हाक मारली तर ओ नाही, ओठ किंवा बोटं उगाच हलतायत, आणि मिनिट-दोन मिनिटांनी ‘काय झालं?’ असं? तसं असेल तर ते हरवणं नव्हे, ती छोटी फिट असू शकते. सगळ्या फिटमध्ये माणूस खाली पडून हातपाय झाडत नाही. पुढच्या वेळी नाव घेऊन हाक मारा, आणि लेकीला मोबाइलवर चित्रण करायला सांगा. ते अर्ध्या मिनिटाचं चित्रण डॉक्टरांना तुमच्या दहा मिनिटांच्या वर्णनापेक्षा जास्त सांगेल. आणि हे स्पष्ट होईपर्यंत गॅस त्यांच्या हाती नको, लोकलच्या दारात उभं राहायचं नाही, गाडी चालवायची नाही, मोरीचं दार आतून लावायचं नाही.

मनाची उदासीही बघायला हवी. काहीच करावंसं न वाटणं हे खचलेल्या मनाचंही लक्षण असतं, आणि त्यावर इलाज आहे. तो फरक घरच्या घरी करू नका.

यानंतर जी मागायची ती विचारशक्तीची सविस्तर तपासणी. तिला न्यूरोसायकॉलॉजिकल चाचणी म्हणतात. मोठ्या हॉस्पिटलांच्या मेंदूविकार किंवा मानसोपचार विभागात ती करणारे मानसशास्त्रज्ञ असतात. दोन-तीन तास लागतात. आकडे आणि अक्षरं आळीपाळीने जोडणं, एका मिनिटात जितकी आठवतील तितकी नावं सांगणं, गोष्ट ऐकून अर्ध्या तासाने पुन्हा सांगणं असे प्रकार असतात. ती मराठीतूनच व्हावी असा आग्रह धरा आणि त्यांचं शिक्षण कितवीपर्यंत झालंय ते सांगा, नाहीतर भाषेची अडचण मेंदूच्या खात्यावर पडते. सकाळी, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना घेऊन जा.

इथे माझीच एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी एका बाईंची चाचणी घेतली होती, त्यांचीही गाठ पुढच्या भागातली. सगळे गुण चांगले आले. मी ‘दोष नाही’ असं लिहून दिलं. पंधरा दिवसांनी मुलगा परत आला. म्हणाला, मॅडम, आईला कुकर लावता येत नाही, डाळ धुते आणि तांदूळ विसरते, आणि तुमचा कागद बघून घरचे तिला नाटकी म्हणतात. तेव्हा मला उमगलं की माझ्या खोलीत दार बंद होतं, एका वेळी एकच प्रश्न होता, आणि पुढचं काय करायचं हे मी सांगत होते. त्यांच्या मेंदूला जे जमत नव्हतं तेच काम मी त्यांच्या वतीने करत होते. त्या बाईंना घरात जे ऐकावं लागलं ते माझ्या सहीमुळे, ही बोच अजून आहे. म्हणून चाचणी घेणाऱ्याला तुम्ही स्वतंत्रपणे भेटा. मिस्टरांसमोर नको, त्यांना ‘मला काय झालंय’ खरंच वाटत असणार. स्वतःतला बदल न दिसणं हाही या भागाच्या इजेचाच एक प्रकार आहे, तो हेकेखोरपणा नाही. दूध, तीन वस्तू, ताट, तुमच्या आईचा फोन हे सगळं चाचणी घेणाऱ्याच्या कानावर घाला.

‘जीव वाचला, आता हे काय घेऊन बसलात’ असं कोणी म्हणालं तर गप्प बसू नका. आपल्या परळच्या टाटा मेमोरियलमध्ये २००१ ते २०१२ या काळात ३ ते २५ वयाच्या २०० रुग्णांवर एक चाचणी झाली, मंद वाढणाऱ्या आणि साध्या गाठींसाठी नेमकेपणाने दिलेलं रेडिएशन आणि नेहमीच्या पद्धतीचं रेडिएशन यांची तुलना. पाच वर्षं त्या मुलामुलींची बुद्धीची चाचणी घेत राहिले, आणि नेमक्या रेडिएशनच्या गटाची विचारशक्ती जास्त चांगली टिकली. २०१७ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तुमचे मिस्टर त्या वयाचे नाहीत, पण सांगायचं ते हे की गाठीच्या रुग्णाचं डोकं कसं चालतंय हे मोजणं याच शहरात, सरकारी दवाखान्यात, महत्त्वाचं मानलं गेलंय. तुम्ही काही जगावेगळं मागत नाही आहात.

चाचणीनंतर सरावाचं बघा. नेदरलँड्समध्ये १४० ग्लायोमा रुग्णांवर २००९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लक्ष देण्याचा सराव आणि रोजच्या अडचणींवरच्या युक्त्या काही आठवडे शिकवल्यावर, सहा महिन्यांनी त्यांचं लक्ष आणि शब्दांची आठवण न शिकवलेल्यांपेक्षा चांगली होती, मानसिक थकवाही कमी होता. युक्त्यांचा भाग घरीही जमतो. एका वेळी एकच गोष्ट सांगा. तीन वस्तू तोंडी नकोत, चिठ्ठी द्या, आणि घेतली की खूण करायला लावा. आंघोळीला मोबाइलचा गजर लावा, तुमच्या तोंडून ‘उठा’ कमी वेळा निघेल तेवढं घर शांत राहील. जेवताना टीव्ही बंद आणि एकाने बोलायचं. दुपारी अर्धा तास झोप, ठरलेल्या वेळी. आवाज चढायला लागला की लेकीने तिथून उठून जायचं, समजूत घालत बसायचं नाही. आणि तो राग तिच्यावरचा नाही हे तिला तुम्ही शांतपणे, परीक्षेच्या खूप आधी सांगायचं.

नोकरीचं एवढंच. पहाटे एकट्याने रस्त्यावरच्या चेंबरवर उभं राहणं आत्ता धोक्याचं आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम २०(४) सरकारी आस्थापनांना सांगतं की नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा पद खाली आणता येत नाही. ते काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं काम द्यायचं. चाचणीचा अहवाल हाती आला की युनियनच्या माणसाला बरोबर घेऊन कार्यालयात जा. राजीनाम्याचा कागद कोणी पुढे केला तर त्यांना एकट्याने सही करू देऊ नका.

चार महिने थांबायचं नाही अशीही वेळ येऊ शकते. सकाळी उठताच डोकेदुखी आणि उलटी, नवी किंवा वाढलेली फिट, एका बाजूची ताकद कमी होणं, वाढती गुंगी, किंवा हेच वागणं चार-आठ दिवसांत झपाट्याने बिघडणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

दीर आणि सासूबाईंना हे उत्तर वाचून दाखवा. दीरांना एक काम नेमून द्या, आठवड्यातला एक दिवस भावासोबत राहण्याचं. त्या दिवशी तुम्ही माहेरी जा. आईचं घर आवरायचं राहिलं असेल.

आणि भजन सोडू नका. मंडळातल्या एखाद्या जुन्या सोबत्याला घरी बोलवा, दुपारच्या शांत वेळी, दोघांनीच एक अभंग म्हणावा. टाळ दोन घरं लांब वाजले तरी चालतील. जमलं तर पुढच्या वेळी तिघं. मंडळाच्या मोठ्या बैठकीला न्याल तेव्हा दाराजवळ बसवा, म्हणजे गोंधळ वाटला तर त्यांना उठून बाहेर जाता येईल आणि कोणी वळून बघणार नाही.